चाळीस हजारांची घासाघीस

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर उजव्या बाजूला एक चौकोन होता. साधारण चार सेंटिमीटर रुंद, एक सेंटिमीटर उंच. त्या चौकोनापुरता कागद पातळ झाला होता. इशिताच्या आईनं, कादंबरीनं, पान खिडकीसमोर धरलं तेव्हा बाकीचं पान पांढरंच राहिलं आणि तेवढ्या भागातून उजेड पिवळसर होऊन आत आला.

तिथं तीनदा खोडलं गेलं होतं. पहिल्यांदा इशितानं पेन्सिलीनं आकडा लिहिला आणि तिच्या बाबांनी, धैर्यशीलनं, तो खोडला. तिनं पुन्हा लिहिला, त्यांनी पुन्हा खोडला. तिसऱ्यांदा कादंबरीनं स्वतः लिहिला आणि स्वतःच खोडला, कारण तेवढ्यात लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला होता आणि धैर्यशीलची पावलं तिला ओळखू येत होती. त्या तिसऱ्या खोडण्याची तिला जास्त लाज वाटत होती.

चौकोनावर लिहिलं होतं, घरातल्या दर माणशी मासिक उत्पन्न. त्याच्या वरच्या ओळीत वंश विचारला होता. तिथं ओळखपत्रावरून आपोआप छापून आलं होतं, इंडियन. त्याला कुणी हात लावला नव्हता.

इशिताला फार्मसी शिकायची होती. बारावीच्या तोडीच्या परीक्षेत तिचे बाकी सगळे विषय चांगले गेले, फिजिक्समध्ये एक श्रेणी कमी पडली, आणि कॉलेजकडून पत्र आलं. पत्र नकाराचं नव्हतं, होकाराचंही नव्हतं. तुमची फाइल बाजूला ठेवली आहे. घरच्या परिस्थितीची माहिती पालकांच्या सहीनं शुक्रवारी पाच वाजेपर्यंत आणून दिलीत तर ती नव्यानं वाचू, असं त्यात होतं. माहिती म्हणजे उत्पन्न, पालकांचा व्यवसाय, दहा वर्षं घराला ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या एका माणसाची सही, आणि शेवटी अर्धं कोरं पान. त्या पानावर पालकांनी स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं की घरच्या परिस्थितीमुळे अर्जदाराला काय सोडावं लागलं.

व्यवसायाच्या जागी धैर्यशीलनं इशिताकडून 'क्वालिटी मॅनेजर' असं लिहून घेतलं होतं. तो या परक्या बेट-देशाच्या टोकाला, तुआसच्या जहाजगोदीत वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. जहाजांच्या पत्र्यांचे सांधे तपासणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याची नजर अशी की केसाएवढी चीर सुटत नसे. पण तो ज्या डॉकवर होता तो चौदा महिन्यांपूर्वी बंद झाला. तेव्हापासून तो कंत्राटावर होता. महिन्यातले दहा दिवस काम, फार तर बारा. उरलेल्या दिवशीही तो सकाळी सहाला अंघोळ करून तयार व्हायचा आणि मग खुर्चीत बसून राहायचा. कादंबरी सेरंगूनच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होती, अर्धा दिवस. दोघांच्या मिळकतीला तिघांनी भागलं की जो आकडा यायचा तो फार लांबलचक नव्हता. चौकोनात तो आरामात मावला असता.

"मी सही करणार नाही," असं धैर्यशील कधी म्हणाला नाही. "बघू," म्हणाला. सोमवारी बघू, मंगळवारी बघू, बुधवारी बघू. कादंबरीला त्याचं 'बघू' अठ्ठावीस दिवसांपासून मोजता येत होतं, कारण पत्र येऊन तेवढे दिवस झाले होते.

त्याचं कारण तिला माहीत होतं. इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

धैर्यशील मान्यांच्या दोन गोष्टी होत्या, आणि गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या वाढदिवसाला, जेवणं उरकली की कुणी ना कुणी त्याला त्यातली एक सांगायला लावायचं. पहिली गोष्ट दोन मार्कांची. पंच्याण्णव साली कऱ्हाडला बारावीत त्याला चांगले मार्क पडले, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या यादीत तो अगदी दारापर्यंत पोचला, आणि दोन मार्कांनी जागा गेली. त्याच्याहून बरेच कमी मार्क असलेला एक मुलगा कोट्यातून आत गेला. धैर्यशीलनं डिप्लोमा केला, मुंबईला गोदीत लागला, तिथून इथं आला. गोष्टीचा शेवट ठरलेला होता: "पण जे काही केलं ते कुणाच्या मेहेरबानीवर नाही केलं."

दुसरी गोष्ट फ्लॅटची. बारा वर्षांपूर्वी हौगांगमधला हा फ्लॅट घेताना त्यानं मालकाशी कशी घासाघीस केली, कसा दोनदा उठून दारापर्यंत गेला, आणि शेवटी चाळीस हजार डॉलर कसे कमी करून घेतले. ही गोष्ट तो फार रंगवून सांगायचा. उठून दारापर्यंत जायची नक्कल तर खरोखर उठून करायचा.

गेल्या रविवारी संजीवच्या कॉन्डोत, म्हणजे महागड्या खाजगी इमारतीतल्या घरी, जेवण होतं. संजीव पुण्याचा, एका बँकेच्या आयटीत वरच्या जागेवर. त्याचा मुलगा धवल इशिताच्याच वयाचा, कॉम्प्युटरला लागलेला. श्रीखंड संपता संपता संजीव म्हणाला, "धैर्यशीलराव, तुमचे ते दोन मार्क सांगा ना. धवलला कळू दे, आम्ही कशातून आलोय."

"तू कशातून आलास? पेठेतून आलास," धैर्यशील म्हणाला. सगळे हसले. पण त्यानं गोष्ट सांगितली.

"म्हणून इथं बरं," संजीव म्हणाला. "मेरिट म्हणजे मेरिट. आता म्हणे इथंही कुठं कुठं सुरू झालंय, घरची परिस्थिती बघा, हे बघा, ते बघा. बघा, पण मग मार्कांना काय अर्थ राहिला?"

इशिता ताटातली पुरी मोडत होती. "संजीवकाका, धवलला ट्यूशन किती होत्या?"

"चार. नाही, पाच. फिजिक्सला दोन."

"त्या मेरिटच्या आधी मोजायच्या की नंतर?"

धवल जोरात हसला आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाला, "डॅड, शी गॉट यू लाह."

संजीवही हसला, मनानं तो मोठा माणूस होता. "वकिलीला घाला हिला," म्हणाला. धैर्यशील मात्र हसला नाही. इशितानं शेवटच्या वर्षी फिजिक्सची ट्यूशन सोडली होती आणि शनिवार-रविवार हौगांगच्या बाजारातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायला लागली होती. हे त्या टेबलावर तिघांनाच माहीत होतं. परतताना बसमध्ये ती म्हणाली, "बाबा, धवलचा रेस बॉक्स आणि माझा रेस बॉक्स सेम आहे. इंडियन. त्या बॉक्सवरून त्यांना माझ्याबद्दल काहीच कळत नाही. दुसऱ्या बॉक्सवरून कळेल. इट्स नॉट चॅरिटी."

"बघू," धैर्यशील म्हणाला.

"आणि मला पण तो बॉक्स आवडतोय असं नाही," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "माझी सीट म्हणजे कुणाची तरी जाणारच ना. कुणाचे तरी टू मार्क्स."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मग हौगांगचा थांबा आला तशी उतरायची घंटी दाबली.

गुरुवारी दुपारी कादंबरीनं कपाटातून फ्लॅटची फाइल काढली. फॉर्मबरोबर पत्त्याचा पुरावा जोडायचा होता. धैर्यशील समोर टेबलाशी बसला होता. फाइलमध्ये हव्या त्या कागदाच्या खाली एक जुनं पान होतं, ज्याची शाई फिकट झाली होती. फ्लॅट घेण्याआधी एजंटनं संगणकावरून छापून दिलेलं. त्यावर ब्लॉकचा नंबर होता आणि त्याखाली तीन ओळी. चिनी, मर्यादा पूर्ण. मलाय, जागा आहे. इंडियन आणि इतर, जागा आहे.

ते पान तिनं बारा वर्षं जपून ठेवलं होतं. आज तिनं ते बाहेर काढलं.

ती रसायनशास्त्राची पदवीधर होती आणि शाळेत रोज पोरांना एकच गोष्ट सांगायची. ब्युरेटच्या काचेच्या नळीतल्या पाण्याचं रीडिंग घेताना डोळा पाण्याच्या पातळीला आणा. वरून बघाल तर वेगळा आकडा दिसेल, खालून बघाल तर वेगळा. पोरं आळशी, वाकायचा कंटाळा करायची, उभ्यानंच आकडा लिहायची. आपणही या घरात बारा वर्षं उभ्यानंच आकडा लिहिला, असं तिच्या मनात आलं.

"अहो, जरा खाली चला," ती म्हणाली.

"कशाला?"

"चला तर."

ब्लॉकच्या खाली मोकळ्या जागेत दगडी टेबल होतं, त्याभोवती चार गोल बैठका. पलीकडे दोन म्हाताऱ्या चिनी बायका भाजीच्या पिशव्या टेकून बसल्या होत्या. कादंबरीनं ते पान टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"आपण फ्लॅट घेतला तेव्हाचं. वाचा."

त्यानं वाचलं. इथं सरकारी इमारतींच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये कुठल्या वंशाची किती घरं असावीत याची मर्यादा असते, हे त्यालाही ठाऊक होतं. इथं राहणाऱ्या कुणाला ठाऊक नसतं? "मग? आपल्याला जागा होती. घेतला आपण."

"मालक कोण होते?"

"सेल्वदुरै सर. तमिळ."

"बरोबर. चिनी मर्यादा पूर्ण झाली होती. म्हणजे सरांना तो फ्लॅट चिनी माणसाला विकता येत नव्हता, एक चिनी घर वाढलं असतं. आपल्याआधी एक चिनी जोडपं आलं होतं. त्यांना फार आवडला होता. आपण शेवटी जे दिले त्याच्यापेक्षा चाळीस हजार जास्त द्यायला तयार होते ते. नियमानं देता आले नाहीत. तुम्ही त्या दिवशी कामावर होता. एजंट मला जिन्यात म्हणाली, मॅडम, घाई करू नका. म्हाताऱ्याला दुसरं गिऱ्हाईक नाही."

धैर्यशील त्या पानाकडे बघत राहिला.

"म्हणजे मी घासाघीस केलीच नाही?"

"केलीत की. दोनदा दारापर्यंत गेलात."

"पण समोरच्याला दुसरा इलाजच नव्हता."

"नव्हता."

"आणि बारा वर्षं तू मला ती गोष्ट सांगू दिलीस."

"तुम्ही छान सांगता," कादंबरी म्हणाली.

त्याला हसू आलं, पण ते वर येईपर्यंत विरलं. "मंडळात चारदा सांगितली असेल मी."

"सातदा."

पलीकडच्या बायका उठल्या, पिशव्या घेऊन लिफ्टकडे गेल्या. त्यातल्या एकीनं जाता जाता कादंबरीला हात केला. तिसऱ्या मजल्यावरची ती. इशिताला कांजिण्या आल्या तेव्हा रोज भाताची पेज आणून द्यायची.

"म्हणून तू दर दिवाळीला सरांना डबा पाठवतेस," धैर्यशील म्हणाला. "मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, तुझी माया."

"माया आहेच. पण आधी ते चाळीस हजार आहेत."

तो बराच वेळ टेबलावरची बुद्धिबळाची घरं बोटानं पुसत बसला. रंग उडून काळी-पांढरी घरं एकसारखीच दिसायला लागली होती. कादंबरीला एवढंच सांगायचं होतं, आणि एवढं सांगायला तिला बारा वर्षं लागली होती.

"फॉर्मवर दहा वर्षं ओळखणाऱ्याची सही लागते ना?" तो शेवटी म्हणाला.

"लागते."

"उद्या मला काम नाही. सरांकडे जाऊ."

सही करण्याबद्दल तो अजूनही काही बोलला नाही.

सेल्वदुरै सर आता सेरंगूनला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत. बायको गेल्याला चार वर्षं झाली होती. ती होती तोवर दिवाळीचा डबा कधी रिकामा परत यायचा नाही. चकली घालून पाठवलेल्या डब्यात मुरुक्कू भरून यायचे, आणि दोन्ही घरांत दरवर्षी वाद व्हायचा की मूळ कुणाचं आणि नक्कल कुणी केली. आता डबा धुऊन, पुसून, त्यात दुकानातली बिस्किटं घालून यायचा. सर एक्क्याऐंशी वर्षांचे होते. तीस वर्षं शाळेत समाजशास्त्र शिकवलं होतं, आणि खुर्चीत अजूनही फळ्यासमोर बसल्यासारखे ताठ बसत. त्यांच्याशी बोलणं इंग्रजीतच व्हायचं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला तिघं त्यांच्याकडे पोचली. सरांनी आधी इशिताची उंची डोळ्यांनी मोजली, मग फॉर्म मागितला, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. तिसऱ्या पानावर थांबले. पातळ झालेल्या चौकोनावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"इथं बरंच काम झालेलं दिसतंय," म्हणाले, आणि पुढं वाचू लागले. आपली सही कुठं हवी ते शोधून त्यांनी ती केली, तारीख घातली आणि फॉर्म परत कादंबरीकडे दिला. "बाकीचं तुमचं तुम्ही भरा."

धैर्यशील खुर्चीच्या कडेवर बसला होता. "सर, एक विचारायचं होतं. आमच्या फ्लॅटला चाळीस हजार जास्त देणारं गिऱ्हाईक होतं?"

सरांनी चष्मा काढला. "पंचेचाळीस. एजंटनं तुम्हाला पाच कमी सांगितलेत."

कादंबरीनं मान खाली घातली. बारा वर्षं तिनं चुकीचा आकडा जपला होता.

"तुम्हाला राग आला होता?"

"वर्षभर. मी तीन पत्रं लिहिली. फार मुद्देसूद. त्यांची उत्तरं आली, तीही फार मुद्देसूद." सर हसले. "मिस्टर माने, तुम्ही माझ्या दारातून दोनदा उठून गेलात. मला वाटलं, गेला हा माणूस, आता काय करू? माझ्या बायकोनं खिडकीतून बघून सांगितलं, तो लिफ्टचं बटण दाबत नाहीये, नुसता उभा आहे."

इशिता फस्सकन हसली, मग तोंडावर हात धरून बाबांकडे बघायला लागली. धैर्यशीलचे कान लाल झाले होते. पण तोही हसत होता, आणि कादंबरीला वाटलं, चौदा महिन्यांत हा असा हसलेला आपण पाहिला नाही.

"मी माफी मागायला आलोय," तो म्हणाला.

"माफी नको. माफी मागितलीत तर मला पुन्हा राग येईल. थँक्यू म्हणा, ते चालेल."

"पण तो नियम... तुमच्यावर अन्यायच झाला ना?"

"माझ्यापुरता? हो. आजही हो म्हणेन." सरांनी चष्मा पुन्हा चढवला. "पण असं बघा. मी तीस वर्षं वर्गात शिकवलं की हा नियम चांगला आहे. का? तर पोरं एकाच रंगाच्या ब्लॉकमध्ये वाढू नयेत. पोरं वहीत लिहून घ्यायची, परीक्षेला तेच लिहायची, मी मार्क द्यायचो. मग एके दिवशी त्याचं बिल माझ्या टेबलावर आलं. पैसे दुसरा कुणी भरतोय तोवरच नियम चांगला, असं मला म्हणता येईना. राग येत होता, आणि तरी म्हणता येईना. तीन पत्रं लिहून झाल्यावर हे कळलं. चौथं लिहिलं नाही."

खालून शाळेच्या घंटेचा आवाज आला. सर इशिताकडे वळले.

"तू कुठल्या खोलीत अभ्यास करतेस?"

"मागच्या. खिडकीतून झाड दिसतं ती."

"माझ्या मुलीनं तिथंच केला. दाराच्या मागं तिनं आवर्त सारणी चिकटवली होती."

"अजून आहे," इशिता म्हणाली. "आईनं काढू नाही दिली. त्यात शेवटचे एलिमेंट्स नाहीत, ते मी पेननं लिहिले."

सर म्हणाले, "पंचेचाळीस हजारांत मला एवढं मिळालं. आणि बारा डबे चकली. महाग पडली चकली, पण चांगली असते."

"मुरुक्कूपेक्षा?" कादंबरीनं विचारलं.

"तसं मी म्हणालो नाही. माझी बायको ऐकत असेल."

धैर्यशील खुर्चीत मागं सरकून बसला. मग त्यानं ती पहिली गोष्ट सांगितली. कादंबरीनं ती शेकडो वेळा ऐकली होती, पण आज त्यानं ती रंगवली नाही. पंच्याण्णव साल, दोन मार्क, कोटा, डिप्लोमा. चार वाक्यांत संपली. शेवटचं ठरलेलं वाक्य त्यानं म्हटलंच नाही.

"ज्याला तुमची जागा मिळाली त्याचं नाव काय?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही."

"कुठल्या गावचा? त्याचे वडील काय करायचे?"

"नाही माहीत, सर."

"तीस वर्षं त्याला तुम्ही घरात ठेवून घेतलंत, आणि नाव विचारलं नाहीत?"

धैर्यशील एखाद्या लहान मुलासारखं म्हणाला, "त्यानं कधी थँक्यू म्हटलं नाही."

"कुणाला म्हणणार? त्यालाही तुमचं नाव माहीत नाही."

कादंबरीला कऱ्हाडच्या त्या न पाहिलेल्या मुलाचा विचार आला. तो आता अठ्ठेचाळीसचा असेल. कदाचित दर दिवाळीला त्यालाही वाटत असेल, कुणाला तरी एक डबा पाठवायला हवा, पण पत्ता नाही. आणि आपल्या नवऱ्याला, एवढी वर्षं, तो डबा न मिळाल्याचा राग येत असेल. नशीब आपलं, असं तिला वाटलं. आपल्याला पत्ता माहीत होता. हौगांगहून सेरंगूनला बसनं वीस मिनिटं.

"बाबा," इशिता हळू आवाजात, मराठीत म्हणाली, "मला सीट मिळाली तर माझ्या पण एका माणसाचा पत्ता मला कळणार नाही. ते मला माहितेय. आय विल नॉट फर्गेट. पण मला ती सीट हवीय. मी काउंटरवर उभी राहायचे ना, चिनी आजीबाई यायच्या, गोळ्यांची चिठ्ठी वाचता नाही यायची त्यांना. मी त्यांच्याच बोलीत, हॉक्कियनमध्ये सांगायचे, सकाळी एक, रात्री एक. ते मला नीट शिकायचंय."

"हॉक्कियन कुठं शिकलीस?" धैर्यशीलनं विचारलं.

"थर्ड फ्लोअरच्या आंटीकडून. पेज आणायची ती."

धैर्यशीलनं हे ऐकलं आणि हात पुढं केला. कादंबरीनं फॉर्म त्याच्या हातात दिला. त्यानं तिसरं पान उघडून ते खिडकीच्या दिशेनं धरलं. कामावर पत्र्याचा सांधा उजेडासमोर धरावा तसं, एक डोळा मिटून. पातळ झालेल्या जागेतून पिवळसर उजेड त्याच्या गालावर पडला. मग शेवटचं अर्धं कोरं पान त्यानं बराच वेळ पाहिलं. काय सोडावं लागलं, ते लिहायचं होतं तिथं. फिजिक्सची ट्यूशन. शनिवार. रविवार. कादंबरीला कळत होतं की त्याला आकड्याची लाज नव्हती. त्याला हे अर्धं पान नको होतं. मुलीनं काय सोडलं ते बापानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं, आणि खाली सही करायची.

सर उठून आत गेले, चहाचं पाणी ठेवल्याचा आवाज आला. पावणेबारा होत आले होते. पाचला सव्वापाच तास होते.

"सर," धैर्यशीलनं आतल्या दिशेनं हाक मारली. "थँक्यू."

"ऐकू आलं," सर आतून म्हणाले. "साखर किती?"

"एक."

त्यानं फॉर्म टेबलावर ठेवला, कागद दुमडू नये म्हणून तळहातानं सपाट केला, आणि खिशातून पेन काढून इशितासमोर धरलं.

"आधी मॅनेजर खोड," तो म्हणाला. "वेल्डिंग इन्स्पेक्टर लिही, कंत्राटी. मग चौकोनात खरा आकडा लिही. जपून, तिथं कागद फाटेल. शेवटचं पान माझं, ते मी लिहितो. आणि सही मी करणार आहे."